कायमच्या पट्ट्यावरचे बिऱ्हाड

मलकापूर सोडून महामार्गाने नांदुऱ्याकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत वडनेर भोलजी लागते. काळ्या मातीच्या आणि कपाशीच्या या गावी बसून अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातील एका पोटकलमाचा इतिहास काढणे काहींस विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु या टापूस अमेरिकेची पहिली ओळख झाली ती माणसांच्या नव्हे, कापसाच्या भावाच्या वाटेने. 1861 ते 1865 या काळात तिकडे यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला, आणि नांदुऱ्यावरून जाणारा रेल्वेचा रूळ 1867 साली नागपुरास भिडला.

या मुलुखाच्या राजकीय स्थितीतही एक विलक्षण द्वैत होते. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि 1902 साली सालीना 25 लक्ष रुपयांच्या मोबदल्यात तोच इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला. म्हणजे सारा वसूल करणार इंग्रज, न्यायनिवाडा करणार इंग्रज, आणि सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री निजामाचे. 1936 मध्ये निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, तेव्हाही येथील शेतकऱ्याचे कज्जे इंग्रजांच्या नागपूरच्याच सरकारपुढे चालत होते. अंमल एकाचा आणि धनीपण दुसऱ्याचे, ही अवस्था ज्यांच्या आजापणजांनी भोगली त्यांस ग्रीन कार्ड म्हणजे काय, हे फोड करून सांगावे लागू नये: राहणे कायमचे, पण नागरिकत्व नव्हे.

अमेरिकेत कायम वस्ती करण्याची वाट हिंदी माणसास 1917 च्या कायद्याने बंद झाली होती. 1923 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात त्याला नागरिकत्वासही अपात्र ठरवले. 1946 मध्ये दार किलकिले झाले ते वर्षाकाठी 100 माणसांपुरते. त्याआधी जे गेले ते बहुधा विद्यार्थी. अमरावतीस शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर 1906 साली कॉर्नेल विद्यापीठात गेले, डॉक्टरेट घेऊन परतले आणि ज्ञानकोशात गढून गेले. मुलाबाळांस तिकडे बोलावून घेण्याचा प्रश्न त्या पिढीपुढे नव्हताच. 3 ऑक्टोबर 1965 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने हे चित्र पालटले. रक्ताचे नाते हीच प्रवेशाची मुख्य सनद ठरली, आणि कायम रहिवाशाच्या पती-पत्नीस व अविवाहित मुलामुलींस दुसऱ्या अग्रक्रमाचे स्थान मिळाले. 1990 च्या कायद्याने त्या स्थानाचेही दोन वाटे केले. सालीना 1,14,200 जागांपैकी किमान 77 टक्के पती-पत्नी आणि 21 वर्षांखालील मुले यांना. उरलेल्या सुमारे 26,000 जागा 21 ओलांडलेल्या अविवाहित मुलामुलींना, आणि त्याही साऱ्या जगात वाटून. हेच ते पोटकलम, आणि त्याची रांग अलीकडे आठ-नऊ वर्षांची झाली आहे.

1965 नंतर गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांनी मुले लहान असतानाच नेली, किंवा ती तिकडेच जन्मली. त्यांना या कलमाशी कर्तव्य नव्हते. पेच पडला तो पुढच्या फळीस. नागरिक झालेला भाऊ भावासाठी अर्ज करी. भावंडांची रांग दीड-दोन दशकांची. नंबर लागेतो शाळकरी पुतण्या पदवीधर होऊन 21 ओलांडी. आईबाप विमानात बसत आणि तो घराच्या किल्ल्या घेऊन मागे राही. मग बापाच्या हाती ग्रीन कार्ड पडले की त्याच्यासाठी नवा अर्ज आणि नवी तारीख. 2002 च्या कायद्याने, अर्ज तपासणीसाठी दप्तरात जितके दिवस पडून राहिला तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करण्याची सवलत दिली. जागेची वाट पाहण्यात गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत. जुनी तारीख तरी नव्या अर्जास लाभावी, हे एल साल्वादोरच्या एका मातेचे म्हणणे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले.

या साऱ्यात मला सर्वांत परके वाटते ते लग्नाचे कलम. बाप नागरिक होण्यापूर्वी मुलाने अक्षता डोक्यावर घेतल्या की अर्ज त्याच क्षणी रद्द होतो, आणि पुढे बापाने नागरिकत्वाची शपथ घेतली तरी तो पुन्हा जिवंत होत नाही. नागरिकाच्या विवाहित मुलास लांबची का होईना रांग आहे, रहिवाशाच्या विवाहित मुलास रांगच नाही. घटस्फोटित वा विधवा मुलगी मात्र या कायद्याच्या लेखी अविवाहितच, ही त्यातल्या त्यात मायेची बाजू म्हणावी. परंतु लग्न झाले म्हणून मुलगा बापाच्या घरातून वजा होतो, ही कल्पना आपल्या एकत्र कुटुंबास कधी सुचली नव्हती. आपल्याकडे लग्नाने घराबाहेर जाई ती मुलगी. म्हणून स्थळ चालून आले तरी ‘फाईल लागली आहे’ असे सांगून तिशीच्या मुलाचे लग्न लांबवणारी घरे दिसतात, आणि मुलीच्या बाबतीत हेच सांगताना आईचा आवाज जरा खालावतो.

कागदपत्रांची कथा आणखी निराळी. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यापूर्वीच्या पिढीचा जन्म वऱ्हाडात शोधायचा तो कोतवाल बुकात, जेथे कित्येक नोंदींत बाळाचे नावच नसते, केवळ बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. मग शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा जोडून ते बाड मुंबईच्या अमेरिकन वकिलातीपुढे ठेवायचे, जी 2011 साली ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसातून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. ज्या कायद्यात मुलाच्या वयाचा हिशेब दिवसांनी चालतो, त्याच फायलीत आईबापांची जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली 1 जून असते.