दोन यमुना

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः येऊ लागली. दोन्ही नायिकांचे नाव यमुना आणि दोघींनाही वैधव्य येते. परंतु पहिली यमुना पुन्हा संसार मांडते. दुसरीचे बळजबरीने केशवपन होते आणि पुढे ती फार दिवस जगत नाही. हा भेद एकाच्या धर्मश्रद्धेचा व दुसऱ्याच्या कलादृष्टीचा, असे म्हणून आपली टीका मोकळी होते. मला तो बव्हंशी काळाने घडविलेला भेद वाटतो.

पदमनजी मूळचे बेळगावचे. १८५४ मध्ये ते ख्रिस्ती झाले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ च्या जुलैत झाला आणि वर्षभरातच त्यांचे पुस्तक निघाले. कायद्याची फळे कशी येतील याचा अनुभव तेव्हा कोणालाच नव्हता. म्हणून लेखकाला यमुनेचे पुन्हा लग्न लावण्याचे धैर्य झाले. पण ते लावायचे कोणत्या समाजात? हिंदू घरांत तशी जागा नव्हती. तेव्हा ती आधी ख्रिस्ती होते आणि मग पुनर्विवाह करते. येथे धर्मप्रचार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही तिला दुसरे दार त्या वर्षी कोणते उघडे होते, हा प्रश्न उरतोच.

हरिभाऊंचा जन्म १८६४ चा. कायदा त्यांच्याहून आठ वर्षांनी वडील! त्याचे काय झाले हे त्यांच्या पिढीने पाहिले होते. १८६९ मध्ये मुंबईत पुनर्विवाह लागला, तर त्यात पुढाकार घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. १८७० मध्ये पुण्यात शास्त्रार्थाचा वाद रंगला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. शिवाय पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने काढून घेतला होता. केशवपनाविषयी तर त्यात अवाक्षर नव्हते. म्हणून यमूच्या कथेत कायदा कोठेच तिच्या उपयोगी पडत नाही. तिचे भवितव्य ठरते ते माजघरात.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १८५७ मध्ये आगगाडी पुण्यास पोहोचली नव्हती. भोरघाटातून मुंबई-पुणे सलग लोहमार्ग १८६३ मध्ये झाला. पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते; कथानक त्यामुळे सैल, धर्मशाळेतील गप्पांसारखे होते. यमूला मात्र एकच प्रवास महत्त्वाचा, मुंबईचा. तेथे नोकरीशिक्षणाच्या निमित्ताने बिऱ्हाडे थाटणारी नवी मंडळी जमली होती. वडिलधाऱ्यांच्या नजरेपासून दूर नवराबायको दिवसाउजेडी एकमेकांशी बोलू शकत, ही साधी गोष्ट त्या काळाने नुकतीच शक्य केली होती. यमूचे सारे सुख त्या बिऱ्हाडाएवढे आहे. म्हणूनच पती जाताच ते सुख सामानासारखे आवरले जाते आणि ती पुन्हा सासरच्या वडिलधाऱ्यांच्या हाती सापडते. हरिभाऊंनी येथे अतिशयोक्ती केली असे म्हणणाऱ्यांना मी त्या बिऱ्हाडाची आठवण देईन.

निवेदनाची रीतही काळाचीच. यमू स्वतःची हकिकत स्वतः लिहिते, कारण नवऱ्याने तिला लिहावाचायला शिकविले आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अशा घरातील मुलीच्या हाती लेखणी देणे वाचकाला पटले नसते. कादंबरी चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून पुण्यात रणे माजली. वाचणाऱ्यांच्या घरांतला वाद आणि यमूची हकिकत अशा रीतीने शेजारी शेजारी चालली होती.

‘पण लक्षात कोण घेतो’ पुस्तकरूपाने निघाली त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाईंना धर्म सोडावा लागला नाही. मुरूड गावाने मात्र कर्व्यांना वाळीत टाकले.