गार्मिश सॉफ्टवेअर परिषद (१९६८)

गार्मिश सॉफ्टवेअर परिषद ही ७ ते ११ ऑक्टोबर १९६८ या काळात तत्कालीन पश्चिम जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन या बव्हेरियन आल्प्समधील गावी भरलेली संगणकतज्ज्ञांची परिषद होय. नाटो या संघटनेच्या विज्ञान समितीने ती पुरस्कृत केली होती. ११ देशांतील पन्नासहून अधिक तज्ज्ञ तिला उपस्थित होते. म्युनिक येथील गणितज्ञ फ्रिड्रिश बाउअर हे परिषदेचे अध्यक्ष होते. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा जगभर रूढ होण्यास या परिषदेमुळे चालना मिळाली आणि पुढील वर्षी रोम येथे तिची दुसरी परिषद भरली. सॉफ्टवेअरची गुणवत्ता आणि चाचणी यांविषयीचे अनुभव व्यावसायिकांनी एकत्र बसून एकमेकांना सांगण्याच्या परंपरेचा आरंभ शोधताना अभ्यासक सहसा या दोन परिषदांपाशी येऊन थांबतात.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात संगणकयंत्रे झपाट्याने सुधारली. परंतु त्यांना चालविणाऱ्या आज्ञावल्या, म्हणजेच प्रोग्रॅम, त्याच वेगाने विश्वासार्ह झाल्या नाहीत. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यासाठीची ओएस/३६० ही कार्यप्रणाली ठरलेल्या वेळेत पूर्ण होऊ शकली नाही आणि वापरात आल्यावरही तिच्यातील दोष संपले नाहीत. अशा मोठ्या प्रकल्पांत हजारो माणसांचे श्रम गुंतलेले असत, तरी तयार झालेली वस्तू योग्य आहे की नाही हे ठरविण्याची सर्वमान्य रीत अस्तित्वात नव्हती.

नाटोच्या विज्ञान समितीने १९६७ मध्ये संगणकविज्ञानाचा एक अभ्यासगट नेमला. त्याच्या चर्चांतून परिषदेची कल्पना पुढे आली. परिषदेच्या नावातील ‘अभियांत्रिकी’ हा शब्द हेतुपुरस्सर, काहीसा डिवचण्यासाठी निवडलेला होता. पूल बांधणारा अभियंता शास्त्रीय पाया व कामाची शिस्त यांच्या आधाराने पूल बांधतो. सॉफ्टवेअरच्या निर्मितीला असा पाया व अशी शिस्त आहे काय, हा प्रश्न त्या एका शब्दाने उपस्थित केला होता.

चर्चेचे स्वरूप

चर्चेची विभागणी रचना, निर्मिती आणि सेवा अशा तीन विषयांत केलेली होती. विद्यापीठांतील संशोधक, संगणक तयार करणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी आणि संगणक वापरणाऱ्या संस्थांतील अधिकारी एकाच ठिकाणी जमले होते. त्यांत ॲलन पर्लिस, एड्सगर डाइक्स्ट्रा, निक्लाउस विर्थ, पीटर नौर व डग्लस मॅकिलरॉय यांचा समावेश होता. सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी आकारावी काय, हा तेव्हाचा वादग्रस्त प्रश्नही चर्चेस आला. वरवर तो व्यापाराचा प्रश्न वाटतो. परंतु यंत्राबरोबर विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूच्या दोषांची जबाबदारी कोणाची, हा गुणवत्तेचा प्रश्न त्यात दडलेला होता. पुढे जून १९६९ मध्ये आयबीएमने काही सॉफ्टवेअर व सेवांसाठी स्वतंत्र मूल्य आकारण्याचे जाहीर केले.

परिषदेचे वेगळेपण तिथल्या मोकळेपणात होते. एरवी परिषदांमध्ये यशाच्या कथा सांगितल्या जातात. गार्मिश येथे मात्र मोठ्या कंपन्यांत व नामांकित संस्थांत काम करणाऱ्यांनी आपले प्रकल्प का रखडले आणि का फसले हे समव्यावसायिकांसमोर कबूल केले. आयबीएमच्या आशर ओप्लर यांनी प्रणालींच्या वाढत्या आकाराबरोबर दोषही बेसुमार वाढतील अशी भीती व्यक्त केली व इतक्या अवाढव्य प्रणाली तयार करणारे दोषी की मागणारे, असा प्रश्न केला. ग्रॅहॅम यांनी या क्षेत्रातील कार्यपद्धतीची तुलना विमानविद्येच्या बाल्यावस्थेशी केली: आधी संपूर्ण विमान बांधायचे, कड्यावरून ढकलायचे, ते कोसळले की पुन्हा आरंभ करायचा. ‘सॉफ्टवेअरचे अरिष्ट’ हा शब्दप्रयोग या परिषदेशी कायमचा जोडला गेला. परिस्थिती खरोखर इतकी गंभीर आहे काय, याविषयी मात्र उपस्थितांत एकमत नव्हते. अनेक प्रणाली समाधानकारक चालत आहेत, अडचण केवळ अतिविशाल प्रकल्पांची आहे, असे म्हणणारेही तेथे होते. नंतरच्या लेखनात त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

चाचणीविषयक विचार

परिषदेत ल्युएलिन व विकेन्स यांनी सॉफ्टवेअरच्या चाचणीवर स्वतंत्र निबंध सादर केला होता. त्यांची भूमिका ग्राहकाच्या बाजूची होती. यंत्र विकत घेताना ते तपासून घेतले जाते, मग त्याबरोबर आलेले सॉफ्टवेअर तपासून का घेऊ नये, असा त्यांचा रोख होता. अशा तपासणीसाठी सॉफ्टवेअरने नेमके काय करावयाचे आहे याचे लेखी वर्णन आधी हाती असले पाहिजे. ते नसेल तर कशाच्या आधारे चूक ठरवायची? आज ‘स्वीकृती चाचणी’ या नावाने जी प्रथा सर्वत्र पाळली जाते, तिचा तर्क हाच आहे.

याउलट डाइक्स्ट्रा यांना चाचणीवर फारसा भरवसा नव्हता. चाचणीने दोष आहेत हे दाखविता येते, दोष नाहीत हे सिद्ध करता येत नाही, हा त्यांचा सुप्रसिद्ध विचार रोम परिषदेच्या अहवालात नोंदलेला आहे. तो समजण्यास एक साधे उदाहरण पुरेसे आहे. प्रत्येकी ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली घ्यावी. तिला देता येतील अशा संख्यांच्या जोड्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ या संख्येपुढे १८ शून्ये मांडावीत त्याहूनही अधिक आहेत. दर सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सर्व जोड्या संपण्यास सुमारे ५८५ वर्षे लागतील. ही गोष्ट केवळ बेरजेची आहे. म्हणून आज्ञावलीची रचनाच अशी असावी की तिची अचूकता तर्काने सिद्ध करता येईल, असा डाइक्स्ट्रा यांचा आग्रह होता.

अहवाल

परिषदेचा अहवाल पीटर नौर आणि ब्रायन रँडेल यांनी संपादित केला व तो जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निबंध एकापुढे एक छापण्याची नेहमीची पद्धत संपादकांनी बाजूस ठेवली. चर्चेतील विधाने बोलणाऱ्याच्या नावासह विषयवार लावली आणि त्यांच्यात निबंधांतील उतारे गुंफले. मोजकेच निबंध शेवटी पूर्ण दिले. त्यामुळे वाद कोठे झाला, कोणी कोणाला छेद दिला, हे वाचकाला कळते. परिषदेला उपस्थित नसलेल्या पिढ्यांपर्यंत तेथील ज्ञान पोहोचले ते मुख्यतः या संपादनामुळे. केवळ ठराव व निष्कर्ष छापले असते तर हा अहवाल एव्हाना विस्मरणात गेला असता.

रोम परिषद

दुसरी परिषद २७ ते ३१ ऑक्टोबर १९६९ या काळात रोम येथे भरली. तिच्या अहवालात सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेला स्वतंत्र विभाग देण्यात आला. ओएस/३६० च्या प्रत्येक नव्या आवृत्तीत सुमारे १,००० दोष आढळतात आणि ही संख्या फारशी घटत नाही, अशी माहिती हॉपकिन्स यांनी तेथे दिली. अशा तऱ्हेची आकडेवारी उघडपणे सांगितली जाणे आजही दुर्मीळ आहे.

तरीही रोम परिषद गार्मिशइतकी सफल ठरली नाही. सिद्धान्त मांडणारे आणि प्रत्यक्ष काम करणारे यांच्यातील दरी तेथे उघड झाली. एका गटाला गणिती सिद्धता महत्त्वाची वाटे. दुसऱ्याला ती लाखो ओळींच्या आज्ञावलीपुढे निरुपयोगी वाटे. ख्रिस्तोफर स्ट्रेची यांच्या पुढाकाराने या दरीवरच एक वेगळी चर्चा घेण्यात आली. अहवालाचे संपादन जॉन बक्स्टन व रँडेल यांनी केले आणि तो एप्रिल १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. नाटोच्या या मालिकेत तिसरी परिषद झाली नाही.

चाचणीच्या स्वतंत्र परिषदा

केवळ चाचणी या विषयाला वाहिलेली परिषद २१ ते २३ जून १९७२ या काळात अमेरिकेतील चॅपेल हिल येथे, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात झाली. विल्यम हेट्झेल यांनी तिच्यातील निबंध संपादित करून १९७३ मध्ये ग्रंथरूपाने आणले. तोपर्यंत चाचणी हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे शेवटचे, कंटाळवाणे काम समजले जाई. स्वतंत्र परिषद व स्वतंत्र ग्रंथ यांमुळे तिला विषय म्हणून ओळख मिळाली. हेट्झेल व डेव्हिड गेलपेरिन यांच्या संस्थेने १९९२ मध्ये अमेरिकेत ‘स्टार’ ही चाचणी व्यावसायिकांची परिषद सुरू केली. १९९३ पासून युरोपात ‘युरोस्टार’ भरू लागली.

या परिषदा मोठ्या होत गेल्या, तशी व्याख्याने वाढली आणि उलटतपासणी कमी झाली. त्यावर उपाय म्हणून केम केनर व ब्रायन लॉरेन्स यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात लॉस आल्टॉस कार्यशाळा सुरू केली. तेथे निमंत्रित असे थोडेच लोक असत. प्रत्येकाने स्वतः केलेल्या कामाचा अनुभव सांगावा आणि शंका संपेपर्यंत इतरांनी प्रश्न विचारावेत, असा प्रघात पडला. या धर्तीच्या मेळाव्यांत पुढे रंगीत कार्डांची पद्धत आली: नवा मुद्दा काढावयाचा असल्यास हिरवे कार्ड, चालू मुद्द्यावर बोलावयाचे असल्यास पिवळे, तातडीने मध्ये बोलावयाचे असल्यास लाल. मोठ्याने बोलणाऱ्यापुढे अबोल सहभागी मागे पडू नये, यासाठी ही व्यवस्था उपयोगी पडते.

भारतातील परिषदा

भारतात सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची ‘आयसेक’ ही परिषद २००८ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाली. तिचे दुसरे अधिवेशन फेब्रुवारी २००९ मध्ये पुणे येथे भरले होते. १९७५ पासून चालत आलेली ‘आयसीएसई’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २०१४ मध्ये प्रथमच भारतात, हैदराबाद येथे झाली. या दोन्हींचा भर संशोधन-निबंधांवर असतो; चाचणी हा त्यांतील अनेक विषयांपैकी एक आहे.

उपलब्धता

गार्मिश येथे उपस्थित असलेले रॉबर्ट मॅक्लूर यांनी २००१ मध्ये दोन्ही अहवालांच्या अंकीय आवृत्त्या तयार केल्या. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या विनामूल्य वाचता येतात.