पायरेट, प्रायव्हटिअर आणि सरखेल

इंग्रजीतील बहुतेक शब्दजोड्यांची गल्लत फार तर शिक्षकांना छळते. ‘पायरेट’ आणि ‘प्रायव्हटिअर’ यांची गल्लत मात्र कोकणच्या इतिहासाला भोवली आहे.

पायरेट म्हणजे कोणत्याही सत्तेच्या परवानगीविना जहाजे लुटणारा चाचा. प्रायव्हटिअर म्हणजे राजाची सनद घेऊन युद्धकाळात शत्रूची जहाजे पकडणारा खासगी नाविक. अंतर एका कागदाचे, पण त्यावर जीव अवलंबून असे. सनद घेऊन निघालेल्या कॅप्टन विल्यम किडने हिंदी महासागरात भलतीच जहाजे लुटली आणि १७०१ मध्ये तो लंडनला फासावर गेला.

आता कान्होजी आंग्रे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी ते ‘पायरेट’. ही चूक सुधारण्याच्या उत्साहात कोणी त्यांना ‘प्रायव्हटिअर’ म्हणतो, तेव्हा अधिकच चीड येते; कारण ती चूक दुरुस्तीच्या वेषात येते. कान्होजी खासगी नव्हतेच! श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ मध्ये पेशवे झाले, त्यांनी कान्होजींशी बोलणी करून त्यांना शाहू छत्रपतींच्या पक्षात आणले. त्या तहात सरखेलपद कान्होजींकडेच राहिले. सरखेल म्हणजे आरमाराचा अधिपती, राज्याचा पदाधिकारी.

मग भांडण कशाचे? दस्तकाचे. व्यापारी जहाजांनी पैसे भरून कान्होजींचे दस्तक घ्यावे, नाहीतर जहाज पकडले जाई. इंग्रजांना हा हक्कच मान्य नव्हता. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ याच जातीचा, आणि दोन शतके जुना. त्याला म्हणायचे परवाना, आणि दस्तकाला लूट?