बँजोचं कूळ

बोईसरच्या पूर्वेला एखाद्या पाड्यावर हळद असली, की दिवेलागणीला मांडवासमोर टेम्पो येऊन उभा राहतो. हौद्यावर भोंगे बांधलेले, कोपऱ्यात जनरेटर, ढोल, ताशे, ऑक्टापॅड आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बँजोवाला. मांडीवर लांबट लाकडी पेटी. वर बटणांच्या रांगा, खाली तारा. वाजवण्याआधी तो खिशातून लहानशी किल्ली काढतो, एकेक तार पिळून सुरात आणतो, तारांखाली बसवलेल्या पिकअपची वायर हलवून बघतो. मग डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात नखी, आणि पहिल्याच झटक्याला पोरं उठतात.

लग्न ठरताना दोन्हीकडची कुळं विचारली जातात. या पेटीचं कूळ कुणी विचारत नाही. विचारलं तर नावापासूनच घोटाळा आहे.

बँजो हे नाव अटलांटिकच्या काठचं. पश्चिम आफ्रिकेत भोपळा कापून, त्यावर कातडं ताणून, दांडा खोचून केलेली तंतुवाद्यं जुनी आहेत. तिथून गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांना सोबत काही नेता आलं नाही, पण वाद्य कसं करायचं ते हातांना ठाऊक होतं. हान्स स्लोन हा डॉक्टर 1687 साली जमैकाला गेला, तेव्हा त्याने गुलामांकडे भोपळ्याची, घोड्याच्या केसांच्या तारा लावलेली वाद्यं पाहिली. 1707 साली छापलेल्या पुस्तकात त्याने त्यांचं चित्रही दिलं. पुढे 1830च्या दशकात व्हर्जिनियातला जोएल स्वीनी हा गोरा वादक हे वाद्य रंगमंचावर घेऊन आला. तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करणारे गोऱ्यांचे खेळ तेव्हा जोरात होते आणि त्यांत बँजो हवाच असे. भोपळा गेला, त्याच्या जागी लाकडाचं कडं आलं. मग ॲपलेशियन डोंगरांतल्या वस्त्यांमधून तो नॅशव्हिलच्या रेडिओवर पोचला. 1945च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा तरुण बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये दाखल झाला आणि तीन बोटांनी असा काही बँजो वाजवू लागला, की गावोगावच्या कंट्री बँडना त्याची नक्कल केल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. बँजो म्हणजे अमेरिकेच्या खेड्यातल्या गोऱ्या शेतकऱ्याचं वाद्य, ही समजूत पक्की झाली. भोपळा विसरला गेला, तशी तो आणणारी माणसंही.

पण टेम्पोवरच्या पेटीला ना कातडं आहे, ना दांडा. तो बँजो हा नव्हेच.

पेटीचं माहेर जपान. नागोया शहरातल्या मोरिता गोरो याने 1912 साली ती बनवली. परदेशात पाहिलेल्या टाइपरायटरच्या बटणांवरून त्याला युक्ती सुचली: बटण दाबलं की खालची तार दाबली जावी आणि नेमका सूर निघावा. त्याच वर्षी जपानमध्ये तैशो राजवट सुरू झाली. तिचं नाव आणि 'कोतो' या जुन्या जपानी तंतुवाद्याचं नाव जोडून झालं 'तैशोगोतो'. स्वर शोधत वर्षं घालवावी लागत नाहीत, हाच तिचा गुण. जपानी मालाबरोबर ती बंदरोबंदरी उतरली. झांझिबारच्या ताराब मैफलींत गेली, इंडोनेशियात गेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच हिंदुस्थानात आली. इथे तिचं बारसं झालं बुलबुल तरंग. इंग्रजीत तिला 'इंडियन बँजो' म्हणू लागले, आणि हे उसनं नावच लोकांच्या तोंडी बसलं. बलुचिस्तानात तीच पेटी 'बेंजू' झाली. मकरान किनाऱ्यावरच्या पसनीचा नूर बख्श तिला पिकअप लावून वाजवतो. 2022 साली म्हातारपणी त्याचा पहिला अल्बम निघाला आणि जग ऐकत राहिलं. त्याची पेटी आणि बोईसरच्या टेम्पोवरची पेटी या सख्ख्या बहिणी.

आपल्याकडे बँजो वाढला तो मुंबईच्या चाळींत, गणपतीच्या मिरवणुकांत. रवी जाधवांनी 2016 साली 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तो बँजो वाजवणाऱ्या अशाच पोरांवर. मिरवणुकीत बँजोच्या आधी मान होता ब्रास बँडचा. पण क्लॅरिनेटला छातीत दम लागतो, गणवेश लागतो, डझनभर माणसं लागतात. बँजो पार्टीत चाल वाजवणारा एक पुरे, बाकी सगळे तालाचे. बटणांची पेटी पोरगा दुसऱ्याचं बघून शिकतो. पालघर-बोईसर पट्ट्यात तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट सांभाळून लग्नसराईत वाजवणाऱ्याला याहून सोयीचं वाद्य कुठलं? किनाऱ्यावर सातपाटी-मुरब्याच्या हळदीत ही पेटी कोळीगीतं वाजवते, रूळ ओलांडून पूर्वेला गेली की तारप्याची चाल.

आणि इथेच पेटीची खरी कसोटी लागते. तारपा हे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. भात तयार झालं की तारपकरी मध्ये आणि हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती फेर धरून. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशेंच्या चित्रांतून हा फेर जगभर गेला. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, ती हाच भोपळा फुंकण्यासाठी. तारपकरी श्वास तोडत नाही. नाकाने घेत राहतो, तोंडाने सोडत राहतो. सूर मोजकेच, पण अखंड.

तारेचं उलट आहे. छेडली की लगेच विझायला लागते. म्हणून तारप्याची चाल घेताना बँजोवाल्याची नखी तारेवर इतकी भरभर वरखाली होते, की हात धूसर दिसतो. दोन झटक्यांमध्ये फट पडू द्यायची नाही, एवढाच त्याचा प्रयत्न. जे तारपकरी फुप्फुसांनी करतो, ते हा मनगटाने करतो. नाचणाऱ्यांना तेवढं पुरतं. फेर आपोआप डावीकडे सरकू लागतो.

अलीकडे टेम्पोवर पेटीशेजारी कीबोर्डही असतो, काही पार्ट्यांत तर पेटीऐवजी तोच. 1991 साली कीबोर्ड कंपन्यांनी 128 आवाजांची एक सामाईक यादी ठरवली. तिच्यात 105वर सतार, 106वर बँजो, 108वर कोतो, 112वर सनई. आमच्या पेटीचं निम्मं कूळ एका ओळीत मांडलेलं! पण 106 दाबलं तर निघतो अमेरिकन बँजो, आणि आमचा वादक तो कधी दाबत नाही. त्याच्या लेखी तो बँजोच नव्हे. बुलबुल तरंग त्या यादीत नाही आणि तारपाही नाही. तारप्याचा आवाज तो दुसऱ्याच कुठल्यातरी आवाजाला पिळून, नाकातला करून तयार करतो आणि आठवणीने जपून ठेवतो. रात्री दहा वाजता भोंगे बंद करायला लागतात. तोवर मात्र पाड्याला हवी असते ती चाल भोपळ्याचीच.