गव्हाची पोथी

आपण पोळी खातो त्या गव्हाच्या दाण्यात तीन घराणी एकत्र नांदतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जपानच्या साकामुरांनी १९१८ साली रंगसूत्रे मोजली, तेव्हा गव्हाच्या काही जातींत १४, काहींत २८, आणि पोळीच्या गव्हात ४२ निघाली. हे तिसरे घराणे एका रानगवताचे, असा उलगडा १९४४ साली जपानात किहारा यांनी, आणि अमेरिकेत मॅक्फॅडन व सीअर्स यांनी स्वतंत्रपणे केला. दोन्ही राष्ट्रे तेव्हा एकमेकांशी लढत होती. गवताला त्याचे काय!

या सीअर्सच्या हाती ‘चायनीज स्प्रिंग’ नावाचा सेचुआनकडचा गहू होता. आजच्या शेतकऱ्याने हौसेने पेरावे असे त्यात फारसे काही नाही. पण त्याचा राय धान्याशी संकर सहज होतो, आणि त्याच खटपटीत रंगसूत्रे निम्मीच असलेली रोपे सीअर्सना लाभली. त्यांच्या वंशातून एकेक रंगसूत्र उणे असलेली रोपे त्यांनी वर्षानुवर्षे निवडली. कोणते रंगसूत्र गेले म्हणजे कोणता गुण बिघडतो, हे त्यामुळे पाहता आले. म्हणून पुढे जनुकसंच वाचायचा ठरला तेव्हा पहिला मान याच गव्हाला मिळाला.

वाचन मोठे बिकट होते. माणसाच्या पोथीत सुमारे ३ अब्ज अक्षरे, गव्हाच्या पोथीत सुमारे १६ अब्ज. त्यांतील ८५ टक्के मजकूर पुनरुक्तीचा, आणि तीनही घराण्यांच्या ओव्या जवळजवळ सारख्या! एकाच स्तोत्राच्या तीन पोथ्यांची सुटी पाने वाऱ्यावर उधळावीत आणि ती पुन्हा लावायला सांगावीत, तसा हा प्रकार. २००५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाने ती २०१८ साली लावून दाखविली. लाखाहून अधिक जनुकांचे ठिकाण कळले.

पण एका वाणाच्या पोथीत दुसऱ्याची प्रतिकारशक्ती लिहिलेली असतेच असे नाही. दक्षिण आफ्रिकेत पिवळा तांबेरा प्रथम १९९६ साली आढळला. त्याला दाद न देणारा तिथला ‘कारिएगा’ हा काटक गहू. त्याचा जनुकसंच सौदी अरबस्तानातील राजा अब्दुल्ला विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचला. लांब पल्ल्याचे तुकडे वाचण्याची नवी रीत हाताशी होती. २०२२ साली त्यातून ‘वायआर २७’ हे जनुक नेमके हाती आले. तोवर ते केवळ क्रमांकाने ओळखले जात होते.

हा क्रमांक पंजाबच्या शेतकऱ्याला महागात पडला आहे. १९९५ साली प्रसृत झालेला ‘पीबीडब्ल्यू ३४३’ हा गहू उत्तर भारतात लाखो हेक्टरांवर पसरला. पिवळ्या तांबेऱ्यापुरती त्याची भिस्त मुख्यतः याच एका जनुकावर होती. २००० नंतरच्या दशकात बुरशीने रूप पालटले आणि पहारा फुटला. कारिएगात मात्र या पहारेकऱ्याच्या जोडीला, निराळ्या रंगसूत्रांवर, आणखी पहारेकरी उभे आहेत.