फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेतील प्रोग्रॅमिंग गट

फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेतील प्रोग्रॅमिंग गट हा शालेय विद्यार्थ्यांच्या संघातील, यंत्रमानवासाठी आज्ञावली लिहिणारा उपगट होय. डीन केमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची ही स्पर्धा १९९२ पासून भरते. मुंबईचा ‘आर फॅक्टर’ हा तीत उतरलेल्या भारतीय संघांपैकी एक आहे.

स्वरूप

दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि काही आठवड्यांतच यंत्रमानव उभा करावा लागतो. २०२४ च्या मोसमात सामना अडीच मिनिटांचा होता. त्यातील पहिले १५ सेकंद यंत्रमानव केवळ आज्ञावलीवर चालत असे. तीन संघांची मिळून एक आघाडी होत असल्याने एकाची आज्ञावली अडली, तर उरलेल्या दोघांनाही झळ पोहोचते. जावा, सी प्लस प्लस आणि लॅबव्ह्यू या भाषा पूर्वीपासून वापरात असून पायथनला २०२४ पासून अधिकृत मान्यता मिळाली.

गटाची बांधणी

या गटाची मुख्य अडचण वेळेची असते. सांगाडा, मोटारी व तारा जोडून झाल्यावरच यंत्र त्याच्या हाती येते. आधीच्या कामांना झालेला प्रत्येक उशीर त्याच्याच वेळेतून वजा होतो. त्यामुळे जाणते संघ चाकांसह चालता सांगाडा सोपवण्याची तारीख आरंभीच ठरवून घेतात आणि तोवर गतवर्षीच्या यंत्रमानवावर किंवा संगणकावरील आभासी प्रतिकृतीवर काम चालवतात. प्रत्येक मोटार-नियंत्रकाच्या क्रमांकाची यादीही तारजोडणी करणाऱ्यांबरोबर बसून करावी लागते. यादी चुकली की हात उचलण्याची आज्ञा दिल्यावर भलतीच मोटार फिरते.

आज्ञावलीची वाटणी चाके, हात, फेकयंत्रणा अशा भागांनुसार करून प्रत्येक भाग दोघांकडे देणे सोयीचे ठरते. नवशिक्याला लहान का होईना, पण पूर्ण काम मिळाले पाहिजे. नुसते मागे उभे राहून पाहणारा विद्यार्थी महिनाभरात येईनासा होतो. मार्गदर्शकाने कळफलकाला हात लावू नये, असा अनेक संघांचा दंडक आहे. तो पाळणे शिक्षकांनाच अधिक जड जाते.

ज्येष्ठ विद्यार्थी दरवर्षी शाळा सोडतात. सगळी आज्ञावली एकाच्याच डोक्यात असली, तर पुढील मोसमात पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो. यासाठी ‘गिट’ या प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात आणि दुसऱ्याने वाचल्याखेरीज तो मुख्य प्रतीत घेत नाहीत. स्पर्धास्थळी दोन सामन्यांमध्ये घाईने केलेला बदल फसल्यास मागील चालती प्रत परत आणता येणे आवश्यक असते, आणि ते किमान दोघांना तरी जमावे लागते.