शव कोणाचे? तेराव्या शतकातील एक वाद

घट फुटला तरी खापऱ्या मातीच्याच राहतात. आकार गेला, द्रव्य उरले. प्रत्येक जड वस्तू द्रव्य आणि आकार यांच्या संयोगाने घडते, हा ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याचा सिद्धान्त अशा दृष्टान्ताने सहज पटतो. परंतु तोच सजीव देहाला लावू जाता केवढा पेच पडतो, हे तेराव्या शतकातील युरोपने अनुभवले.

अॅरिस्टॉटलच्या मते आत्मा हाच देहाचा आकार. येथे आकार म्हणजे बाह्य घडण नव्हे. वस्तूला तिचे स्वरूप देणारे तत्त्व. सेंट थॉमस अक्वायनस यांनी पुढे प्रतिपादिले की, एका वस्तूत असे तत्त्व एकच असते. माणसाचे जाणणे, जगणे, इतकेच काय, त्याचे शरीर असणेही त्या एका आत्म्यामुळेच होय. माणसाची एकात्मता यामुळे सिद्ध झाली खरी. पण मग आत्मा जाताच देहपणही जाते. मागे उरणाऱ्या मूलद्रव्याला स्वतःची काहीच ओळख नाही. तेव्हा समोरचे शव हे त्या माणसाचे शरीर नव्हेच!

हा केवळ शब्दच्छल नव्हता. कबरीत ठेवलेला ख्रिस्ताचा देह तोच होता काय? संतांच्या अस्थींना वंदन का करावे? ख्रिस्ताची दैवी व्यक्ती तीच राहिली, म्हणून देहही तोच, असे अक्वायनस यांचे उत्तर होते. परंतु सामान्य माणसाच्या शवाला ते लागू पडत नाही.

अक्वायनस 1274 मध्ये निवर्तले. 18 मार्च 1277 रोजी कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट किलवर्डबी यांनी ऑक्सफर्ड येथे 30 विधाने शिकविण्यास मनाई केली. त्यांत या मताशी निगडित विधानेही होती. किलवर्डबी अक्वायनस यांच्याच डॉमिनिकन संघाचे होते, हे विशेष! त्यांच्यानंतरचे आर्चबिशप, फ्रान्सिस्कन संघाचे जॉन पेकम, यांनी 1286 मध्ये हे मत पाखंड ठरविले.

प्रतिपक्षाचा तोडगा असा की, आत्म्याखेरीज शरीराचा वेगळा आकार मानावा. तो मृत्यूनंतरही काही काळ टिकतो. डन्स स्कोटस यांनी पुढे हेच मत मांडले. पण मग जिवंत माणूस ही एक वस्तू की एकावर एक रचलेल्या दोन?

1312 मध्ये व्हिएनच्या धर्मसभेने आत्मा हा देहाचा आकार होय, असे घोषित केले. आकार एक की अनेक, हे मात्र ठरविले नाही. एकच मानावा तर शव परके होते, अनेक मानावे तर जिवंत माणूस दुभंगतो. धर्माज्ञांनी विधाने थांबली. हा पेच थांबला नाही.